सावित्रीबाईंच्या घरातली पस्तीस बाळंतपणं

दरवर्षी ३ जानेवारी आली की आपल्या मावळातल्या शाळाशाळांतून छोट्या छोट्या सावित्रीबाई दिसायला लागतात. वडगाव असो, कामशेत असो की लोणावळा. नऊवारी, डोक्यावरून पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि हातात पाटी. मग एखादी चुणचुणीत मुलगी शेणगोळ्यांचा प्रसंग करून दाखवते, टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो. छानच आहे हे. पण मैत्रिणींनो, या कार्यक्रमांत सावित्रीबाईंचं निम्मंच आयुष्य सांगितलं जातं. शाळेतल्या सावित्रीबाई सगळ्यांना ठाऊक असतात. रात्री-अपरात्री दार उघडून एखाद्या पोटुशा बाईला आत घेणाऱ्या सावित्रीबाई मात्र फारशा कुणी दाखवत नाही. विषयच तसा अवघड. लहान मुलांसमोर विधवेचं गरोदरपण, पोट पाडणं, पोर मारणं हे बोलायचं तरी कसं? तेही खरंच. पण आपण तर मोठ्या आहोत ना!

सुरुवातीचं आधी पटकन सांगून टाकते. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. नायगाव खंडाळा तालुक्यात आहे म्हटलं की आपल्याकडच्या बायका हमखास फसतात आणि सावित्रीबाईंना थेट आपल्या घाटावरच्या खंडाळ्याची लेक करून टाकतात! ते खंडाळा वेगळं, पुणे-सातारा रस्त्यावरचं. १८४० साली वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा तेरा वर्षांचा. जोतिरावांनी बायकोला शिकवलं, १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई शिकवायला लागल्या आणि त्यापायी दोघांना सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पुस्तकात जे येत नाही, ते या शाळेनंतर साधारण पंधरा वर्षांनी सुरू झालं.

त्याआधी त्या काळचा कायदा समजून घ्यायला हवा. इंग्रज सरकारने १८६० साली भारतीय दंड संहिता केली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. खून, चोरी, मारामारीच्या जोडीला त्यात बाईच्या पोटाचाही हिशेब होता. कलम ३१२ : गर्भपात घडवून आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पोटातलं मूल हालचाल करायला लागलं असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि बाईने स्वतःच स्वतःचा गर्भ पाडला तर तीही त्याच शिक्षेला पात्र. सुटका एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी केलं असेल तर. पुढे कलम ३१७ : आईबापांनी लहान मूल टाकून दिलं तर सात वर्षांपर्यंत. कलम ३१८ : मेलेलं अर्भक लपवून पुरलं, जन्म झाल्याचं झाकलं, तर दोन वर्षांपर्यंत. आणि जन्मलेलं मूल मारलं तर तो सरळ खून, कलम ३०२, फाशी नाहीतर जन्मठेप काळं पाणी.

म्हणजे बघा, पाडलं तर ३१२, टाकलं तर ३१७, लपवून पुरलं तर ३१८, मारलं तर ३०२. मग ठेवलं तर? ठेवायला कायद्याची मनाई नव्हती. पण ज्या घरांत विधवेचं डोकं भादरून तिला आलवण नेसवून कोपऱ्यात बसवत, तिथे तिने मूल ठेवायचं कसं? बाकीच्या कित्येक जातींत विधवेचा पाट लागत असे. ज्या घरांत लागत नसे, तिथे आठ-दहा वर्षांची पोर विधवा झाली तरी तिचा जन्म तसाच जायचा. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती. पण कागदावरचा कायदा माजघरात पोचायला किती काळ लागतो, हे आपल्यासारख्या बायकांना वेगळं सांगायला नको.

आता काशीबाईची हकिकत. ही जोतिरावांनी स्वतःच १८८४ साली सरकारला पाठवलेल्या टिपणात लिहून ठेवली आहे, म्हणून ती कळते. जोतिरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे इनाम कमिशनमध्ये नोकरीला होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. चांगल्या घरातली, वागायला नीट. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. ते तिच्या मागे लागले. तिने आधी दाद दिली नाही, शेवटी फसली आणि दिवस राहिले. मग शास्त्रीबुवांच्याच सांगण्यावरून तिने पोट पाडायला नाही नाही ती विषारी औषधं घेतली. काही उपयोग झाला नाही. नऊ महिने भरून मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्याला सुरीने मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी पकडलं, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

तिने केलं ते भयंकरच. जोतिरावांनीही त्याला भयंकरच म्हटलं आहे. पण त्या हकिकतीत शास्त्रीबुवांना काय झालं याचा एका शब्दाने उल्लेख नाही. गर्भपात घडवणाऱ्याला पकडायला कलम होतं, पण गरोदरपण दिसतं ते बाईचं. पुरुषाच्या अंगावर खूण उमटत नाही.

ही गोष्ट १८६३ सालची सांगतात. आपल्या बोरघाटातून आगगाडी सुरू झाली ते हेच वर्ष. डोंगर फोडून बोगदे काढले, मुंबई-पुणे जोडलं, त्याचं केवढं कौतुक झालं! आणि त्याच सुमाराला पुण्यात एका बिगरलेकुरवाळ्या नवरा-बायकोने आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. त्याचं उद्घाटन करायला कुणी लाटसाहेब आला नव्हता.

उघडलं म्हणजे काय केलं? तर कागद छापून घेतले आणि ज्या वस्तीत हा प्रश्न सगळ्यात बिकट होता तिथल्या गल्लीबोळांच्या कोपऱ्यांवर चिकटवले. विधवा बाईला दिवस राहिले असतील तर तिने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल बरोबर न्यावं किंवा इथे ठेवून जावं, मर्जी तिची, अशा अर्थाचा तो मजकूर. जरा डोळ्यांपुढे आणा. आजही आपल्या बाजारपेठेत असा कागद लावायचा म्हटलं तर लावणारीची पाठ बाजार सोडणार नाही. मग त्या काळच्या पुण्यात काय झालं असेल!

कागद जोतिरावांनी लावले, पण पुढचं सगळं बाईचं काम. पाणी तापवणं, कळा देणाऱ्या बाईची कंबर धरणं, नाळ, वार, बाळंतिणीचं शेकणं, तिचं रडणं, रात्रभर जागणं. आणि सावित्रीबाईंना स्वतःला मूल नव्हतं. जोतिरावांनी दुसरं लग्न करावं म्हणून घरातून तगादा होता, त्यांनी ऐकलं नाही. ज्या बाईला चारचौघीत वांझ म्हणून खाली बघायला लावायचं, तिच्याच घरी गावातल्या नको असलेल्या मुलांचा जन्म व्हायचा. मला हा भाग वाचताना नेहमी थांबायला होतं.

आता आकडा सांगते, तो जोतिरावांच्याच टिपणातला आहे. सुरुवातीपासून १८८४ पर्यंत ३५ विधवा या घरात बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती. ३० गेली. का गेली तेही जोतिरावांनी लिहिलंय : पोट लपवायला आयांनी जी विषारी औषधं घेतली असणार, त्यांनी मुलांना पोटातच इजा झाली होती.

पस्तीसातली तीस. मैत्रिणींनो, हा हिशेब नीट बघा. यातली एकही बाई पहिल्या महिन्यात सरळ सावित्रीबाईंच्या दारात आली असं दिसत नाही. आधी कुणीतरी आणून दिलेला काढा, मग कुणाची तरी पुडी, मग आणखी काहीतरी जालीम, आणि सगळं करून थकल्यावर शेवटी हे दार. कायद्याने पोट पाडायला बंदी केली म्हणून पोट पाडायची औषधं काही बंद झाली नाहीत. ती फक्त अंधारात गेली. कोण देतो, काय देतो, किती देतो, विचारायची सोय राहिली नाही. विचारणार तरी कुणाला? विचारलं की गुन्हा कबूल! जी मुलं या घरात आल्यावर वाचली असती, ती घरात यायच्या आधीच विष पिऊन आली होती. सुरी आणि विहीर यांपासून सावित्रीबाईंनी त्यांना वाचवलं, पुडीपासून वाचवणं त्यांच्या हातात नव्हतं.

इथे थोडं आजचं बोलते, कारण पुडी अजून गेलेली नाही. पवन मावळात, अंदर मावळात बचत गटाच्या बायकांशी बोलायला जाते तेव्हा एक गोष्ट हटकून निघते. गर्भपात म्हणजे गुन्हा, पोलीस येतात, हे बायकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कुठून बसलं? तर प्रत्येक सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते. ती पाटी गर्भलिंग निदानाबद्दल असते. मुलगा की मुलगी हे बघणं आणि मुलगी आहे म्हणून पाडणं, हा गुन्हा. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानेच १९८८ साली केला. मग १९९४ साली देशाचा कायदा झाला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. हा कायदा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. त्यातसुद्धा बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असणार असंच कायदा आधी धरून चालतो.

पण पाटी वाचून बायका दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि मग डॉक्टरांकडे जायलाच घाबरतात. कुणीतरी दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतात, रक्त जातं, तेही घरात सांगत नाहीत. सावित्रीबाईंच्या दारातली तीच गोष्ट, दीडशे वर्षांनी.

म्हणून हे नीट माहीत असू द्या. महाराष्ट्राचे मंत्री शांतीलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली, तिने १९६६ ला अहवाल दिला, त्यावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. तेव्हापासून कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, मान्यताप्राप्त ठिकाणी, नोंदणीकृत आणि त्याचं शिक्षण असलेल्या डॉक्टरकडून केलेला गर्भपात हा गुन्हा नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि ते ठरावीक परिस्थितीतल्या बायकांसाठी. अत्याचार झालेली, अल्पवयीन, आणि हो, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. बाई अठरा वर्षांवरची असेल तर सही तिची एकटीचीच लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, मागतात ती माणसं. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने २४ आठवड्यांपर्यंतच्या सवलतीतून अविवाहित मुलींना वगळता येणार नाही असंही सांगितलं.

एक मात्र खरं, जुनं ३१२ मेलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलम ८८ होऊन बसलंय, शिक्षा तीच. स्वतःचा गर्भ पाडणारी बाई अजूनही त्या शब्दांत आहे. १९७१ चा कायदा म्हणजे त्या भिंतीला पाडलेलं दार आहे, भिंत उभीच आहे. म्हणून तर दारानेच जायला हवं. पुडीवाल्याकडून गेलं की बाई भिंतीवर आपटते.

आता पुन्हा सावित्रीबाईंकडे. कायद्याचं दुसरं तोंडही त्यांना चांगलं माहीत होतं. १८६८ च्या ऑगस्टमध्ये त्या माहेरी नायगावला होत्या, तिथून त्यांनी जोतिरावांना एक पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. त्याचं सारजा नावाच्या महार मुलीवर मन बसलं, तिला सहावा महिना होता. गावाला कळलं. लोकांनी दोघांना मारत मारत गावातून फिरवलं, मारूनच टाकायचा बेत होता. सावित्रीबाईंच्या कानावर गेलं तशी त्या धावत तिथे पोचल्या. त्यांनी जमावाला दया दाखवा असं सांगितलं नाही बरं का. माणूस मारलात तर इंग्रजी कायद्याने तुमचं काय होईल याची जरब दाखवली. जमाव थंडावला. दोघांनी गाव सोडायचं ठरलं, सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतिरावांकडे पाठवून दिलं. ज्या दंड संहितेने काशीबाईला काळ्या पाण्यावर पाठवलं, त्याच दंड संहितेचा धाक घालून या बाईने एक पोटुशी मुलगी आणि तिचा माणूस वाचवला. मला वाटतं, शेणगोळ्यांच्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग शाळेत करून दाखवायला हरकत नाही. आठवी-नववीच्या मुली समजतील की!

पुढे १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा अर्भकहत्येचा खटला झाला. तिला आधी फाशी सांगितली, मग ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या वागण्यावर ताशेरे सुरू झाले, तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे खवळल्या आणि १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक काढलं. बायकांना नावं ठेवता, मग त्यांना बिघडवणारे कोण, असा रोकडा सवाल त्यात आहे. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतिराव त्यांच्या बाजूने उभे राहिले.

एक घोटाळा इथे दूर करते. काशीबाई एक नव्हे, दोन. काळ्या पाण्यावर गेलेली पहिली. दुसरी काशीबाई, तीही ब्राह्मण विधवा, नंतर फुल्यांच्या घरात बाळंत झाली. तिचा मुलगा सावित्रीबाई-जोतिरावांनी १८७४ साली दत्तक घेतला. हाच यशवंत. पुष्कळ ठिकाणी या दोघींची गल्लत होते, पण पहिलीचं बाळ तर विहिरीत गेलं होतं.

यशवंतला त्यांनी शिकवून डॉक्टर केलं. इतकं करूनही त्याच्या लग्नाच्या वेळी विधवेचा मुलगा म्हणून मुलगी मिळेना. शेवटी ग्यानोबा ससाणे यांनी आपली मुलगी दिली आणि १८८९ च्या फेब्रुवारीत सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं. जोतिरावांनी १८८७ सालीच मृत्युपत्र करून यशवंतला वारस नेमलं होतं. तरी २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले, तेव्हा टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला. दत्तकाला हक्क नाही म्हणे. सावित्रीबाईंनी वाद घातला नाही. त्या पुढे झाल्या, टिटवं स्वतःच्या हातात धरलं आणि नवऱ्याच्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. आज आपल्याकडे एखादी लेक बापाला अग्नी देते तर फोटो छापून येतो.

१८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. सावित्रीबाईंनी डॉक्टर यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात त्याला दवाखाना थाटायला लावला. घराघरातून रोगी लपवले जात होते, सरकारी माणसांच्या भीतीने. लपवलेलं शोधायची सवय सावित्रीबाईंना जुनी होती. मुंढव्याला गावाबाहेरच्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेगची गाठ आल्याचं कळलं तशा त्या गेल्या, मुलाला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं. वय तेव्हा सहासष्ट. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.